उंचावरच्या सरोवरासाठी इंजिनाआधी पंखा बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रसपाटीवर छान पळणारी मोटरबोट डोंगरातल्या उंच सरोवरात उतरवली की हमखास अडते. नाळ वर उचललेली, मागचा भाग पाण्यात रुतलेला, इंजिन जिवाच्या आकांताने घुमते आणि बोट काही पाण्यावर येत नाही. खापर इंजिनावर फुटते आणि जास्त अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाची मागणी जाते. बहुतेक वेळा बदलायला हवा असतो तो पंखा, म्हणजे प्रोपेलर. मागणीपत्रात अश्वशक्ती, बोटीची लांबी, माणसांची संख्या सगळे असते. सरोवराची उंची तेवढी नसते. ती लिहिली जावी यासाठी हे पत्र.

टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारी यंत्रे) नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे साधारण ३ टक्के घटते, कारण हवा विरळ होते. अमेरिकेतले टाहो सरोवर १,८९७ मीटरवर आहे. तिथे १५० अश्वशक्तीच्या इंजिनाचे जेमतेम १२० उरतात. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरावर, ३,८१२ मीटरला, एक तृतीयांशाहून जास्त ताकद जाते. पाणी मात्र तितकेच घट्ट राहते. म्हणजे पंख्यावरचा भार तोच आणि तो फिरवणारा हात अशक्त. फ्युएल इंजेक्शनचे इंजिन पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळवते म्हणून त्याला हा नियम लागू नाही, असे समजणारे बरेच भेटतात. मिश्रण जुळते, हरवलेली हवा परत येत नाही.

पंख्याच्या हबवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, १४ × १९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. स्क्रू लाकडात शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात १९ इंच पुढे सरकेल, हा पिचचा कागदोपत्री अर्थ. उंचावर हा दुसरा आकडा उतरवायचा.

किती, ते टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटातले फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, सांगतो. टाकी भरलेली, नेहमीची माणसे आणि सामान बोटीत, बुड स्वच्छ. आधी कोणाला तरी लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगून कार्बोरेटरची झडप खरोखर पूर्ण उघडते का, ते डोळ्यांनी पाहा. सैल केबलमुळे पंख्यावर नाहक आळ येतो. मग वाऱ्याच्या दिशेने एक आणि उलट एक अशा दोन फेऱ्या, ट्रिम (इंजिनाचा कल) उत्तम जागी ठेवून, पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे लिव्हर पूर्ण पुढे. काटा स्थिरावला की आकडा टिपा आणि लिव्हर लगेच मागे घ्या. समजा पुस्तिकेत ५,००० ते ६,००० आरपीएमची मर्यादा आहे आणि १९ पिचवर काटा ४,८०० ला अडतो. पिच १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ५,५०० च्या आसपास जायचे तर ४ इंच उतरवावे लागतील, म्हणजे १५ पिच. मर्यादेच्या तळाशी समाधान मानू नये. वरच्या अर्ध्यात राहावे, कारण एक जास्तीचा माणूस बसला तरी काटा खाली येतो.

तीनऐवजी चार पात्यांचा पंखा पाणी चांगले धरतो आणि बोट लवकर उचलतो, पण त्याच पिचवर थोडे आरपीएम खातो. तेव्हा पिच आणखी १ इंच कमी धरा. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पात्यांवर पोकळ्या, म्हणजे कॅव्हिटेशन, लवकर सुरू होते. पात्याच्या पुढच्या अंगाला, बोटीकडच्या बाजूला, वाळूने खरवडल्यासारखे खड्डे दिसले तर ते हेच. अशा वेळी रुंद पात्यांचा पंखा घ्यावा. आरपीएम भसकन वाढून वेग वाढतच नसेल, तर आधी हबमधले रबर सुटले आहे का ते तपासा.

योग्य पंखा लावला तरी समुद्रावरचा कमाल वेग मिळणार नाही. गेलेली अश्वशक्ती पंखा परत आणत नाही. उरलेली वापरायला देतो. तसाच जास्त पिचचा पंखा ठेवून दामटले तर इंजिन कोंडते, प्लग काजळतात, टर्बो नसलेले डिझेल काळा धूर ओकते. कार्बोरेटर असेल तर मुख्य जेटही (पेट्रोल सोडणारे छिद्र) उंचीनुसार लहान हवे, नाहीतर मिश्रणात पेट्रोल जास्त राहून वाया जाते. विजेच्या मोटरची ताकद अशी घटत नाही, तिला इंधन जाळायला हवा लागत नाही.

बसवताना चावी काढून, प्लगच्या वायरी सोडून मगच हात घाला. स्प्लाइनला (दांड्यावरच्या खाचांना) ग्रीस, थ्रस्ट वॉशर जागेवर आणि बरोबर बाजूने, नट पुस्तिकेतल्या टॉर्कने, नट अडवणारी कॉटर पिन दर वेळी नवी. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.

जुना पंखा आणि जुने जेट जपून ठेवावेत, त्यांवर उंची लिहिलेली चिठ्ठी बांधून. बोट खाली आणताना दोन्ही परत बसवायचे असतात. कमी पिचवर समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटल दिले तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरते, आणि लहान जेटमुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडले की पिस्टन वितळायला वेळ लागत नाही.

आपला,
बोटींच्या इंजिनांशी रोज संबंध येणारा एक वाचक