पेवाच्या तोंडाशी

मंगळवेढा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालास, "बाबा, इथे प्रत्येक टीम आपापल्या सायलोत असते, कोणाचा कोणाला पत्ता नसतो, आणि आता मलाही तेच बरे वाटू लागले आहे." पुढे आपले बोलणे फार झाले नाही. तो शब्द मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण ज्याला तू सायलो म्हणतोस त्याच्या तोंडाशी मी लहानपणी बसलेलो आहे. फोनवर मला हे नीट सांगता आले नसते, म्हणून पत्र लिहितो आहे.

सायलो म्हटले की तुझ्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला उंच गोल मनोरा येत असेल. ते रूप अलीकडचे आहे. इलिनॉय राज्यातल्या मॅकहेन्री परगण्यात फ्रेड हॅच नावाच्या शेतकरीपुत्राने १८७३ साली तसा उभा सायलो बांधला, आणि तो धान्यासाठी नव्हे तर गुरांच्या ओल्या चाऱ्यासाठी, म्हणजे आपल्या मुरघासासाठी होता. त्याआधी स्पॅनिश भाषेत 'सिलो' म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा. सरळ सांगायचे तर आपले पेव. कार्यालयातल्या तुटलेपणासाठी तो शब्द १९८८ साली फिल एन्सर या अमेरिकन गृहस्थाने वापरला आणि पुढे तो तुमच्यापर्यंत आला. आपल्याकडे मात्र 'क्लासेसचे पेव फुटले' एवढ्यापुरताच पेव हा शब्द उरला आहे, याचे मला वाईट वाटते, कारण ज्या वस्तूवर गावाने दुष्काळ काढले ती वस्तू आता फक्त नावे ठेवण्याच्या कामी येते.

आपल्या जुन्या वाड्याच्या अंगणात, जिथे आता तुझ्या आईने तुळस लावली आहे, तिथे पेव होते. काळ्या रानात पेव काढत नसत, कारण ती माती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पेव गावठाणातल्या पांढरीत, घट्ट मुरमात खणायचे. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट रांजणासारखे फुगलेले. आतून शेणमातीने लिंपून वाळवायचे, तळाला आणि कडेने कडबा व भुसकट लावायचे, मग ज्वारी ओतायची, वर पुन्हा भुसकटाचा जाड थर, त्यावर फरशी, फरशीच्या सांध्यांना चिखल आणि वर माती. चार दिवसांनी त्यावरून बैलगाडी गेली तरी खाली काही आहे असे कोणाला वाटू नये.

ज्वारी आत का टिकते हे मला पुढे शेतकी शाळेत कळले. दाणा जिवंत असतो आणि श्वास घेतो. बंद पेवात तो आणि त्याच्यातले किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात, कर्बवायू साठत जातो, आणि मग किडा मरतो व ज्वारी वर्षानुवर्षे राहते. म्हणजे जी हवा धान्य वाचवते तीच हवा उतरणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते. हे आजोबांना कोणी शिकवलेले नव्हते, तरी पेव उघडण्याची रीत त्यांनी कधी मोडली नाही. फरशी सरकवली की सगळ्यांनी बाजूला व्हायचे. त्या वेळी आंबूस, उग्र असा जो वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर त्या दिवशी उतरायचे नाही, घोंगडी खाली सोडून वरखाली करीत आतली हवा हलवायची आणि पेव उघडे ठेवायचे.

१९७२ च्या दुष्काळात आपले पेव उघडले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती आणि ती ज्यांच्या घशाखाली उतरत नसे अशी म्हातारी माणसे आमच्या ओसरीवर येऊन बसत. चार वर्षांपूर्वी भरलेले पेव आजोबांनी उघडायचे ठरवले तेव्हा आजीने एकदाच विचारले की पुढच्या वर्षी काय करायचे. दामाजीपंतांच्या गावात पेव झाकून बसता येत नाही, असे आजोबा म्हणाले. बहामनी अमलात राहून सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली करणारा तो माणूस आमच्या घरात देवासारखा होता, आणि आजोबांनी त्यापुढे वाद घालू दिला नाही.

पहिल्या दिवशी कंदील विझला. दुसऱ्या दिवशी तो जळत राहिला, म्हणून धाकटे चुलते कमरेला दोर बांधून उतरले. वर चौघे जण होते आणि दोराचे टोक आजोबांच्या हातात होते. पाट्या वर येऊ लागल्या. वरच्या थरातली आणि कडेची ज्वारी काळवंडून कुबट झाली होती, पण मधली पिवळसर आणि निरोगी होती. दहाबारा पाट्या झाल्यावर मी आजोबांच्या शेजारी बसून दोराकडे पाहत होतो. तो ताठ होता, मग हलेनासा झाला, मग सैल पडला. आजोबांनी हाकही मारली नाही. "ओढा" एवढेच म्हणाले. चौघांनी ओढून काढले तेव्हा काकांचे ओठ निळसर झाले होते आणि मान लोंबत होती. दाण्यादाण्यांमध्ये अडकलेली हवा, खणत गेल्यावर मोकळी होऊन खड्ड्याच्या तळाशी साचली होती, हे मला नंतर समजले. अंगणातल्या बाजेवर पाऊण तासाने काका बोलू लागले. आजी रडत विचारत होती की एक हाक तरी का मारली नाहीस. ते म्हणाले, "आत काही वाईट वाटलेच नाही. गुंगी आली, बरे वाटत होते."

मंदार, हे वाक्य मी पन्नास वर्षे बाळगून आहे, आणि रविवारी तू "बरे वाटू लागले आहे" म्हणालास तेव्हा ते मला पुन्हा ऐकू आले.

तू स्वतःला मिटून घेतलेस यात तुझी चूक आहे असे मी म्हणत नाही. तुमचे आधीचे काम बंद पडले, बरोबरची माणसे पांगली, तू घरूनच काम करू लागलास, आणि तशा दिवसांत माणसाने दार लावून घेणे मी समजू शकतो. आपली बोअर आटली आणि सोसायटीचे कर्ज थकले त्या वर्षी मीही पाच महिने कोणाच्या ओट्यावर गेलो नव्हतो. तेव्हा तुझी आई रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून शेजारच्या कोणाला तरी घरात घेऊन येत असे. मला त्याचा राग यायचा. ती दोर धरून बसली होती हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

गेल्या जूनपासून तुझी उत्तरे छोटी होत गेली आहेत. आधी तू अर्धा तास बोलायचास, मग दहा मिनिटे, आणि आता "ठीक आहे, कामात आहे" एवढेच येते. आईने मला दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा मी तिला गप्प केले, की पोरगा मोठा झाला आहे, त्याला त्रास देऊ नकोस. याबद्दल मला आता अपराधी वाटते. आठ वर्षांच्या पोराला दोर सैल पडलेला दिसत होता, आणि मला या वयात दिसू नये?

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. पेवातली ज्वारी कधी पेरत नाहीत. तिची भाकरी होते, पण बंद हवेत आणि उबेत राहून तिची उगवण जाते. बियाण्याची ज्वारी आजी वेगळी ठेवत असे. चांगली कणसे निवडून आढ्याला टांगायची, किंवा राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळून कणगीत भरायची. ती कणगी तुरकाट्यांची, शेणाने सारवलेली, माजघरात येण्याजाण्याच्या वाटेवर उभी असायची. जाता येता तिच्यावर कोणाचा तरी हात पडायचा, ऊन दाखवायचे, पाखडायचे, पुन्हा भरायचे. तुझ्या लहानपणी ती होती. तिच्याआड तू लपायचास.

मी सोलापूरहून शनिवारच्या उद्यान एक्सप्रेसचे तिकीट काढले आहे. रविवारी सकाळी बेंगळुरूला उतरेन आणि तुझ्या पत्त्यावर मी रिक्षाने येईन, तू स्टेशनवर येण्याची गरज नाही. घर आवरलेले नसेल तर नसू दे. तुला बोलायचे नसेल तर बोलू नकोस, मी माझे वर्तमानपत्र वाचत बसेन. आणि आठ दिवस रजा मिळत असेल तर परत येताना तुझेही तिकीट काढू.

आईने नव्या दळणाचे पीठ आणि शेंगाचटणी बांधली आहे. तुझ्याकडे भाकरीचा तवा आहे का, तेवढे मात्र शुक्रवारपर्यंत फोन करून कळव, म्हणजे इथून लोखंडी तवा घेऊन येतो.

तुझे,
बाबा