काका, पाय हातात घ्यायला तुम्ही शिकवलंत

प्रिय काका,

सलाम.

लिहायचं लिहायचं म्हणत आठ महिने गेले. परीक्षा होती, मग रिझल्ट, मग इंटर्नशिप सुरू झाली, कारणं काय सापडतातच. पण मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीवर संदेश दिला, ते दहाही बरे झाले पण आभार मानायला परत आला तो एकच आणि तो पण परका, शोमरोनी. मला बाकावर बसल्या बसल्या धस्स झालं, कारण आम्हीसुद्धा दहाच जण आलो होतो तुमच्याकडे, कुष्ठरोगाच्या हॉस्पिटलात, आणि आमच्यातल्या एकानेही तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. घरी आल्या आल्या लिहायला घेतलं. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, तुमच्या मुलाच्या फोनवरही पाठवतेय, त्याला म्हणावं सावकाश वाचून दाखव.

तुम्हाला आठवत असेल, जानेवारीत पुण्याहून फिजिओची पोरं आली होती, सात मुली तीन मुलं, सगळ्यांचे एकसारखे निळे टीशर्ट आणि पाठीवर वचन छापलेलं. रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, मग एसटीने परतवाडा, आणि उतरलो तेव्हा सातपुड्याकडून असा गार वारा येत होता की पुण्याची थंडी काहीच नाही. सोबत दोन टेन्स मशीन म्हणजे दुखण्यावर विजेचे हलके झटके देणारी, थेराबँडचे म्हणजे व्यायामाच्या रबरी पट्ट्यांचे रोल, व्यायामाचे चार्ट. चर्चने आमच्यासाठी वर्गणी काढली होती, निघताना सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, आणि दहा दिवसांत आपण खूप काही करून येणार असं आम्हाला अगदी मनापासून वाटत होतं.

कुष्ठरोगाबद्दल आम्हाला जेवढं पुस्तकात होतं तेवढं माहीत होतं. एमडीटीच्या म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सहा महिने किंवा बारा महिने, त्या फुकट मिळतात, रोग पूर्ण बरा होतो. 2005 च्या शेवटी भारताने जाहीर केलं की सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपला, म्हणून आमच्या कॉलेजात तो चॅप्टर एका लेक्चरमध्ये उरकला होता. पण आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे पेशंट आपल्याच देशात सापडतात, दर वर्षी लाखाच्या आसपास, आणि गोळ्यांनी जंतू मरतो पण मेलेली नस परत जिवंत होत नाही, हे तुमच्या वॉर्डात चालत गेल्यावर डोळ्यांनी दिसलं. ज्याचा कोर्स वीस वर्षांपूर्वी पूर्ण झाला तो माणूस आज पायाला जखम घेऊन आलेला असतो.

आता त्या आजींबद्दल लिहायलाच पाहिजे, त्याशिवाय हे पत्र खोटं होईल.

दुसरा दिवस होता. मला एका आजींचं चालणं सुधारायला दिलं होतं, त्या काठी टेकत झुकून चालायच्या. मी त्यांना दोन्ही बाजूंच्या लाकडी दांड्यांच्या मधे उभं केलं, नजर समोर आजी, टाच आधी आजी, आणि दर फेरीनंतर विचारायचे की दुखतंय का. नाही बाई, त्या म्हणायच्या. मी खूश, अजून एक फेरी, अजून एक. बारा फेऱ्या झाल्या असतील. तुम्ही तेव्हा पेशंटसाठी बनवलेल्या चपलांचे जोड घेऊन दारात आला होतात आणि माझ्याकडे न बघता फरशीकडे बघत होतात. मी पण बघितलं. आजींच्या मागे फरशीवर लाल ठिपके होते, रुपयाएवढे, एकाच अंतरावर, प्रत्येक डाव्या पावलाला एक.

अंगठ्याच्या बुडाशी तळव्याला त्यांची जुनी जखम होती, भरत आलेली, पट्टीखाली. मी मोजा काढून बघितलंच नव्हतं. त्यांना दुखत नव्हतं कारण दुखायचा प्रश्नच नव्हता, तिथली संवेदना कधीच गेलेली. आपल्याला खडा टोचला की आपण आपोआप लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो, त्या पायाला ते कळतच नाही, तो सरळ चालत राहतो जखमेवर. हे मी पेपरात लिहिलेलं आहे काका, मार्क पण मिळालेत मला.

तुम्ही ओरडला नाहीत. आजींना खुर्चीत बसवलंत, खाली फरशीवर मांडी घातलीत, त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतलात. तुमची बोटं आखूड झालेली, दोन तर पेरापर्यंतच, पण ज्या हळुवारपणे तुम्ही ती पट्टी सोडवलीत तशी मी नर्सिंगच्या पोरींनाही सोडवताना बघितलेलं नाही. आणि मग माझ्याकडे वर बघून म्हणालात, "दुखते का म्हणून इचारू नको वं पोरी. पाय हातात घे, अन् पाय."

तुमच्या वऱ्हाडीतला तो दुसरा पाय म्हणजे बघ, हे मला क्षणभराने कळलं. मग मी रडायला लागले तर म्हणालात, "काहून रडून राहिली, डरेसिंग आण." ड्रेसिंग आणलं. आजींचं चालणं त्या दिवसापासून बंद झालं, पुढे सगळं बसून आणि झोपून. त्यांच्या जखमेचे भरत आलेले दिवस माझ्यामुळे वाया गेले आणि त्या मलाच समजावत होत्या की जाऊ दे बाई, होते. मी त्यांची माफी तिथेच मागितली होती, इथे परत मागते.

त्यानंतरचे तीन दिवस दुपारी मी तुमच्या चपलांच्या खोलीत बसायचे. मला तिथे कुणी पाठवलं नव्हतं, मीच यायचे. ती खोली डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे, चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, घासायच्या मशीनची काळी धूळ, भिंतीवर एका खिळ्याला गजानन महाराजांचा फोटो आणि त्याच्या शेजारच्या खिळ्याला हॉस्पिटलचं वचनाचं कॅलेंडर, आणि तुम्ही रोज सकाळी त्याचं पान पण बदलायचात. पाय कसा बघायचा ते तुम्ही तिथे शिकवलंत. आधी बोटांच्या बेचक्या. मग तळवा, कडेकडेने. मग हाताच्या पाठीने चाचपायचं की कुठे गरम लागतंय का, कारण वर कातडी धड दिसली तरी आत सूज असेल तर ती जागा आधी गरम होते आणि फुटते नंतर. तुमच्या स्वतःच्या बोटांना गरम-गार कळत नाही म्हणून तुम्ही कोपराजवळचा हात लावून बघायचात. अंघोळीचं पाणी पण कोपर बुडवूनच बघायचं, हे तुम्ही येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगायचात. साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवायचे, कडक झालेली कातडी दगडाने हळूच घासायची, ओलं आहे तोवर तेल लावायचं.

आणि चप्पल. आत एमसीआर म्हणजे मऊ स्पंजासारखं रबर, खाली कडक सोल म्हणजे बाभळीचा काटा आरपार येणार नाही, खिळा एकही नाही, मागे पट्टा, कारण बधीर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही आणि तो तसाच घरापर्यंत चालत जातो. तुम्हीच सांगितलंत की पूर्वी या चपला दुरून ओळखू यायच्या म्हणून लोक गावाच्या वेशीवर काढून पिशवीत टाकायचे आणि अनवाणी आत जायचे. जखमी पायाने, अनवाणी! म्हणून तुम्ही आता बाजारात असतात तशा पट्ट्या लावता, तपकिरी, नक्षीच्या, बायकांना हव्या त्या रंगाच्या. मला वाटतं फिजिओच्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक दिवस अशा खोलीत बसायला पाहिजे.

पॉल ब्रँड यांचं नाव तुमच्याकडच्या डॉक्टरांनी घेतलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. तमिळनाडूतल्या कोल्ली हिल्समध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली जन्मलेला हा सर्जन, 1940 च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरला वाकड्या झालेल्या बोटांवर ऑपरेशनं सुरू करतो, आणि जगाला दाखवून देतो की बोटं रोगाने गळत नाहीत, बधीर हाताला भाजतं, कापतं, ते कळत नाही म्हणून झिजत जातात. तुमच्या दोन्ही हातांवर तसंच ऑपरेशन झालंय हे तुम्ही सहज, रबर कापता कापता सांगितलंत. पंधरा वर्षांचे असताना वडील इथे सोडून गेले, ऑपरेशन झालं, बोटं सरळ झाली, मग घरी गेलात तर आईने ताट वेगळं ठेवलेलं. एवढंच सांगितलंत आणि परत कापायला लागलात. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत आम्ही खूप वेळ गप्प बसून होतो. 2019 पर्यंत आपल्या देशात नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला तर कायद्याने घटस्फोट मागता यायचा, हे पण आमच्या लेक्चरमध्ये कुणी बोललं नव्हतं.

धारणीकडचा तो कोरकू मुलगा कसा आहे? त्याचा पंजा लटकायचा, फूट ड्रॉप, म्हणून टेंडन ट्रान्सफर झालेलं, पायाच्या आतल्या बाजूचा स्नायू काढून वर आणून जोडलेला. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी त्याला म्हणतेय पंजा वर उचल, वर उचल, आणि काही म्हणजे काही हलेना, तो घामाघूम, मी पण. तुम्ही दारातूनच म्हणालात, "वर नको म्हणू त्याले, आत ने म्हण." बरोबरच होतं, तो स्नायू जन्मभर पाय आत वळवायचं काम करत आला, त्याला वर हा शब्द माहीतच नाही, त्याला त्याच्या जुन्याच भाषेत सांगायला पाहिजे. तुम्ही कोरकूत त्याला काहीतरी सांगितलंत, आणि कातडीखाली दोरीसारखी ती शीर ताठ झाली आणि पंजा वर आला. जेमतेम दोन बोटं असेल. तो मुलगा स्वतःच्या पायाकडे असा बघत होता जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे, आणि मग त्याने परत करून बघितलं, परत, परत, शेवटी तुम्हीच म्हणालात पुरे आता, थकन तो.

पण सगळ्यात मोठे आभार मला त्या प्रश्नाचे मानायचेत. सहाव्या दिवशी जेवताना, मावशींनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली होती आणि आम्ही मोठमोठ्याने हिशेब करत होतो की आज किती पेशंट झाले, काल किती. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुमी गेल्यावर कोन पाहीन?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही लोकांना रबराच्या पट्ट्या ओढायला शिकवत होतो आणि त्या पट्ट्या आमच्यासोबत पुण्याला परत जाणार होत्या. टेन्स मशीन पण. रात्रीच्या प्रार्थनेत आमच्या लीडरने तोच प्रश्न पुढे ठेवला आणि उरलेल्या चार दिवसांचा सगळा प्लॅन आम्ही बदलला. नवे पेशंट घ्यायचे नाहीत. त्याऐवजी प्रत्येक पेशंटच्या घरचं एक माणूस, सून, नातू, शेजारीण, जे येईल ते, त्याला बसवून शिकवायचं. चार्ट इंग्रजीत होते ते बाजूला ठेवले आणि हाताने चित्रं काढली. थेराबँडऐवजी जुन्या सायकलची ट्यूब, ती पण तुम्हीच कापून दिलीत. आजींच्या सुनेला मी पाय बघायला शिकवलं, बेचक्या, तळवा, गरम जागा, आणि तिने शेवटच्या दिवशी माझ्यासमोर सगळं बिनचूक करून दाखवलं. ती बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिच्यावर माझा जेवढा विश्वास बसलाय तेवढा कुठल्याच मशीनवर नाही.

खरं सांगू का, येताना मला वाटायचं की आम्ही ख्रिस्ताची सेवा घेऊन तिकडे चाललोय. ती तर तिथे आधीपासून चालू होती. कुष्ठरोग्यांसाठी झटणाऱ्या लेप्रसी मिशनचं काम 1874 पासूनचं, आणि तुम्ही स्वतः कितीतरी वर्षं रोज सकाळी आठला त्या खोलीचं दार उघडताय. माझ्या देवाने मला शिकवायला गजानन महाराजांच्या भक्ताकडे पाठवलं आणि याबद्दल मी त्याची स्तुती करते, मला यात काहीच वावगं वाटत नाही.

मावशींना सांगा, निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली होती ती गाडीत पुण्यापर्यंत पुरली. आजींना माझा सलाम, आणि सुनेला विचारा जखम भरली का, मला कळवा.

आता एक काम आहे. मी सध्या इथे डायबेटिसच्या पेशंटच्या ओपीडीत आहे, तिथे पण तोच बधीर पाय आहे आणि मी पहिल्या दिवसापासून चपला-मोजे काढून पाय मांडीवर घेतल्याशिवाय पुढचं काही करत नाही. एक रिक्षावाले काका आहेत, उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलेलं, बाजारातली कुठलीच चप्पल त्यांना बसत नाही, जिथे घासते तिथे फोड येतो. त्यांच्या दोन्ही पायांचा ठसा कागदावर काढून वेगळा पोस्टाने पाठवलाय, तुम्ही दाखवलं होतंत तसं, त्यांना उभं करून, पेन एकदम सरळ धरून. जिथे मला गरम लागलं तिथे लाल पेनाने गोल केलाय. पट्टा तपकिरी चालेल म्हणाले. बनवून द्याल ना?

तुमची,
पुण्याची ती रडणारी पोरगी