बातमीतला मासा आणि आमच्या घरातली गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूविकारांवर झेब्राफिशचा उपाय सापडल्याच्या मथळ्याखालील आपल्या दैनिकातील वृत्त वाचून ‘हा मासा कुठे मिळतो?’ असे विचारत दोन शेजारी आमच्या घरी येऊन गेले, कारण माझ्या पुतण्याला लहानपणापासून फिट येतात. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला अजूनही धावणाऱ्या आपल्या कोकणात मासा म्हटले की आधी कालवणच आठवते. त्यात त्यांची चूक नाही, चूक मथळ्याची आहे.

हा तीन-चार सेंटिमीटरचा, निळसर पट्ट्यांचा, भारतीय उपखंडातल्या गोड्या पाण्यातला मासा शोभेच्या माशांच्या दुकानांतही दिसतो. त्याची अंडी मादीच्या शरीराबाहेर वाढतात आणि गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे पाच-सहा दिवसांच्या पिल्लाच्या मेंदूतील सुमारे एक लाख चेतापेशींचे काम ते जिवंत असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक आहे, हे २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ स्कॉट बाराबन यांच्या गटाने ड्रावे सिंड्रोम या बालवयातील तीव्र अपस्माराशी (फिट येण्याच्या आजाराशी) संबंधित जनुकात बिघाड असलेली पिल्ले वापरली. झटका आला की ही पिल्ले गरगर फिरतात आणि मग तोल जाऊन निपचित पडतात. छोट्या खळग्यांच्या तबकड्यांत त्यांच्यावर शेकडो रसायने तपासली असता क्लेमिझोल हे ॲलर्जीवरचे जुने औषध झटके कमी करताना आढळले.

मात्र माणसाच्या मेंदूवरचे सहा थरांचे बाह्यक (बाहेरचे आवरण) या माशाला नाही आणि त्याच्या मेंदूतील इजा झालेला भाग बऱ्याच अंशी पुन्हा भरून येतो, जे आपल्याकडे घडत नाही. म्हणून माशात गुण आलेल्या औषधाला पुढे रुग्णांवरच्या चाचण्यांतून जावेच लागते, आणि त्यात वर्षे जातात.

प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे, एवढीच विनंती. काल शेजारच्या काकूंनी मला विचारले, ‘मग आता तुमच्या पुतण्याची फिटची गोळी बंद करायची ना?’

आपली वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, रत्नागिरी