आरओ बसवण्याआधी पाणी तपासा

पुण्यात खडकवासल्याचे गोडे पाणी नळाला येते, तरी घरोघरी आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारे शुद्धीकरण यंत्र, दिसतो. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजला तर लिटरला 90 मिलिग्रॅम भरला. भारतीय मानकानुसार 500 पर्यंत चालतो. मग क्षार काढायचे कशासाठी? जंतूंची भीती असेल तर अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा जिवाणू अडवतो, क्षार राहू देतो आणि पाणीही फारसे वाया घालवत नाही. आरओची सिंकमध्ये सोडलेली बारीक नळी मी बादलीत धरली, तेव्हा पिण्याचा एक तांब्या भरेपर्यंत तीन तांबे पाणी बाहेर पडले! शेजारच्या सोसायटीत टँकर येत असताना हे पाहवत नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याला आरओ जरूर लावावा. पण यंत्र विकण्याआधी विक्रेत्याने टीडीएस मोजून दाखवणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे