सुलू, तुझ्या चष्म्याचा नंबर कळव

नौपाडा, ठाणे
८ मार्च

प्रिय सुलू,

मालदीवच्या समुद्रात मला दिसलेल्या मांटा नावाच्या प्रचंड माशाची हकीकत ऐकून परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या मोठ्या जनावरासमोर भीती नाही गं वाटली?" आणि मी "छे, नाही" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि चुटपुट लागून राहिली. भीती वाटली होती, फक्त ती वाटण्याची जागा निराळी होती. हे फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून आजची सुट्टीची दुपार तुझ्या पत्रासाठी ठेवली आहे.

चाळिशी उलटल्यावर मी महापालिकेच्या तरणतलावात पोहायला शिकले, हे तुला ठाऊक आहेच. बाबांच्या आजारपणाच्या वर्षात सकाळचा तो एक तास पाण्यात गेला नसता तर माझं काही खरं नव्हतं. पुढे ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेले, तिथे पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर पाठीवर चढला. दहा मिनिटांची तयारी, की लगेच पाण्यात. कान दुखला तर खूण काय करायची, हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. मला मागून सिलिंडरला धरून खाली नेलं, मासे जमावेत म्हणून बिस्किटांचा चुरा सोडला, फोटो काढले आणि वर आणलं. फोटो सुंदर आले. डावा कान आठवडाभर ठणकत होता. पण पाण्याखाली जे दिसलं ते डोळ्यांपुढून हलेना. तेव्हाच ठरवलं, परत जायचं तर शिकूनच.

स्कूबा डाइव्हिंग, म्हणजे सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, शिकले. संध्याकाळी पुस्तक, रविवारी तलाव. पहिला नियम एकच, आणि तो रोज म्हणून घेतात: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेली हवा कोंडून वर आलीस तर ती फुगत फुगत दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकतं. पोहताना आपण दम धरायला शिकलो, इथे तीच सवय मोडायची. मला महिना लागला. अंगठा वर केला की 'छान' नव्हे, 'वर चला' असा अर्थ होतो, ही दुसरी सवय.

फेब्रुवारीत मालदीवला गेलो. आलिशान हॉटेलांचं बेट नव्हे, धिगुरा नावाचं गावाचं बेट, दक्षिण आरी प्रवाळबेटांतलं. धिगुरा म्हणजे लांब बेट, आणि खरंच आहे तसंच: एका टोकाला गाव, मध्ये नारळाची झाडी, दुसऱ्या टोकाला समुद्रात घुसलेली वाळूची लांब जीभ. मुसलमान वस्ती, त्यामुळे गावात बायका अंगभर कपड्यांत वावरतात. मी पायघोळ कुर्त्यात होते, अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता भीतीचं. पहिल्याच डाइव्हला, पाच-सहा मीटरवर, डाव्या कानात तीच जुनी कळ आली. खाली तळ दिसेना, वर होडीचं पोट लहान होत चाललेलं, आणि माझा श्वास इतका जोरात चालला होता की दुसरं काही ऐकूच येईना. भीती वाटली ती इथे. आमच्या इन्स्ट्रक्टरने माझा हात धरला, मला मीटरभर वर नेलं आणि तो नुसता थांबला. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळा झाला की पुन्हा जरासं खाली. त्याला कसलीही घाई नव्हती. बाकीचे खाली वाट बघत राहिले. तीन-चार खेपांनंतर कानात 'टक्' झालं आणि कळ गेली. सुलू, त्या माणसाच्या थांबण्याने मला समुद्र दिला असं मी म्हणेन.

मांटा दिसले ते तिसऱ्या दिवशी. आपल्याकडे कोळीणींच्या पाटीत पाकट असतं ना, चपटं, लांब शेपटीचं? त्याच कुळातलं हे जनावर. शेपटीला नांगी नाही, पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर. तिथल्या दिवेही भाषेत पाकटाच्या जातीला 'मडी' म्हणतात, आणि त्या प्रवाळबेटांच्या पश्चिम कडेला 'मडिवरू' नावाची जागा आहे. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे वारे असतात तेव्हा मांटा त्या बाजूला येतात, पाऊसकाळात पूर्वेला जातात. त्या जागेवर ते खायला येत नाहीत, अंग साफ करून घ्यायला येतात. तिथल्या प्रवाळावर बोटाएवढे निळे, काळ्या पट्ट्याचे मासे राहतात. ते मांटाच्या अंगावरचे परजीवी वेचतात, पार कल्ल्यांत शिरून.

आम्हाला प्रवाळापासून लांब, वाळूवर खाली बसवलं. हलायचं नाही, हात लावायचा नाही, त्याच्या वर जायचं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. निळ्या पाण्यात नजर थकायला लागते. मग एका बाजूचं पाणी जरा गडद झालं आणि त्यातून तो आला. पंख मारतोय म्हणावं तर आवाज नाही, घाई नाही. वाळत घातलेलं नऊवारी लुगडं वाऱ्याने उचलावं तसं अंग वर जातं आणि खाली येतं. प्रवाळावर आला आणि जवळजवळ थांबला. निळे मासे कामाला लागले. मग तो वळला तो थेट आमच्या डोक्यांवरून. बुडबुडे लागले तर ते बिचकतात, आणि श्वास तर रोखायचा नाही. मी अगदी बारीक बारीक हवा सोडत होते. पांढरं पोट माझ्यापासून दोन हातांवर. त्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके. प्रत्येक मांटाचे निराळे, त्यांवरूनच त्यांची ओळख नोंदवतात. कल्ल्यांच्या पाच-पाच फटी उघडत-मिटत होत्या. आणि बाजूचा डोळा फिरला, माझ्याकडे बघितलं. सगळ्या माशांत मोठा मेंदू मांटाचा, हे मी आधी वाचलं होतं. तो डोळा बघितल्यावर वाचलेलं खरं वाटलं.

मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही वर्षभर पोटात वाढवून. मग दोन-दोन, तीन-तीन वर्षं काही नाही. म्हणजे थोडे जरी मारले तरी भरून निघायला किती काळ लागत असेल, बघ.

देवमाशासारखी प्रचंड शार्क, व्हेल शार्क, तिथे वर्षभर असते. तिच्यासाठी सिलिंडर नाही, नुसता मास्क आणि पायात घालायचे फिन्स. होडीच्या टपावर बसलेला माणूस पाण्यातली सावली शोधत असतो. सापडली. आम्ही हळूच उतरलो. सहाएक मीटरचं पिल्लूच म्हण, कारण मोठी अठरा मीटरपर्यंत जाते. करड्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, रांगोळीसारख्या. आकाशातले तारे जुळवण्यासाठी बनवलेली गणिताची रीत आता हे ठिपके ओळखायला वापरतात, हे इन्स्ट्रक्टरने सांगितलं तेव्हा मला तुझे वडील गच्चीवर नक्षत्रं दाखवायचे ते आठवले. अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हा नियम.

आणि तेवढ्यात बाकीच्या होड्या आल्या. पाच, मग सात. एका होडीने तिच्या पुढ्यातच इंजिन चालू ठेवून माणसं उतरवली. माणसं अंगावर धावली, पाय झाडत, कॅमेरे पुढे धरून. मला तेव्हा तिच्या पाठीवरच्या पंखाचं टोक दिसलं: कापलेलं, भरून आलेलं, होडीच्या पंख्याच्या पात्याच्या एकापाठोपाठ तीन खुणा. ती मान खाली करून निळ्यात उतरून गेली. मिनिटभरात कुणालाच काही दिसेना. मी पाण्यात रडले, मास्कमध्ये. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

हाच मासा गुजरातेत वेरावळच्या बाजूला यकृताच्या तेलासाठी मारायचे. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, २००४ मध्ये कथाकार मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, म्हटलं, माहेरी आलेली लेक. त्यानंतर तिथल्याच मच्छिमारांनी स्वतःची महागाची जाळी कापून किती व्हाली सोडल्या! लेक म्हटल्यावर कुठला कोळी तिला जाळ्यात ठेवील? आपल्या महाराष्ट्र सरकारनेही पुढे फाटलेल्या जाळ्यांची भरपाई द्यायला सुरुवात केली.

शेवटच्या दिवशी डाइव्ह नव्हती. अनेक डाइव्ह झाल्या की विमानात बसण्याआधी अठरा तास थांबावं लागतं, रक्तातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. वाळूच्या त्या टोकावर बसून राहिले आणि मला काय आठवलं असेल? आपली ऐरोलीची खाडी. गेल्या वर्षी फ्लेमिंगो बघायला होडीत बसलो होतो. तिथल्या दिवा कोळीवाड्यातल्या होडीवाल्याने दुरूनच इंजिन बंद केलं. म्हणाला, "ताई, आता आपण काही करायचं नाही." पाणी हळूहळू होडीला वाहवत नेत होतं आणि थवा चिखल गाळत गाळत आपणहून जवळ सरकला. फ्लेमिंगो चोचीने शेवाळ गाळतात, मांटा आणि ती शार्क तोंड उघडून पाण्यातले बारीक जीव गाळतात. मालदीवला जायच्या आधी हे मला सुचलंच नव्हतं.

फ्लेमिंगो मेपर्यंत आहेत. भरतीची वेळ बघून होड्या सुटतात, तू एप्रिलमध्ये येणार आहेस तर एक सकाळ राखून ठेव. आणि पुढच्या फेब्रुवारीला माझ्याबरोबर धिगुराला चल. पोहता येतं तुला, माझ्यापेक्षा चांगलं. "चष्म्याशिवाय मला काय दिसणार" हे तुझं कारण आता चालणार नाही, नंबराचा मास्क मिळतो. डॉक्टरांकडून कान आणि छाती तपासून घे आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर मला कळव.

तुझी,
माधुरी