क्रेडिट खात्यात, पेपर मात्र पुन्हा

महोदय,

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची 60 युनिटांची, म्हणजे साधारण दोन वर्षांची, ठरावीक असोसिएट पदवी घेतली, की स्टेट युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी 2010 मध्ये कायदाच झाला. आपल्याकडे 2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) जमा ठेवणारे ऑनलाइन खाते आहे. तरी वडिलांच्या बदलीमुळे नांदेडहून पुण्याला आलेल्या माझ्या भाचीला नव्या कॉलेजात ऐकावे लागले, ‘हे विषय आमच्याकडे बसत नाहीत.’ मोबाइलवर तिचे 44 क्रेडिट दिसतात आणि पोर अर्थशास्त्राचा तोच पेपर पुन्हा फी भरून देते आहे! कुठला विषय कुठे ग्राह्य धरणार, याची यादी विद्यापीठांनी प्रवेशाआधीच जाहीर करावी.

– एक वाचक, पुणे