पट मोजता ३० सप्टेंबरला, आमची पोरं येतात दिवाळीनंतर

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, पत्र लांबणारे हे आधीच सांगून ठेवतो. पत्र लिहायला मी जिथं शिकलो त्या शाळेबद्दलच, आणि पट मोजायच्या तुमच्या नियमानं तिथले शिक्षक कसे जातायत त्याबद्दल लिहितोय, त्यामुळे आवरतं घेणं काय जमायचं नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातला. आई-वडील ऊसतोडीला, दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की दिवाळी झाली न झाली तोवर ट्रक यायचा, आणि गुढीपाडव्याच्या आसपास सगळे परत. चौथीपर्यंत मी आजीकडं राहिलो, आजी गेली तेव्हा प्रश्न आला की पोराला फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, न्यायचं का. म्हणजे पाचटाच्या कोपीत राहायचं, लहान भावाला सांभाळायचं, उसाचे वाढे गोळा करायचे, आणि शाळा संपली. तेव्हा गावातलं कोणीतरी म्हणालं की फादर लोकांचं बोर्डिंग आहे, तिथं टाका. आई मला घेऊन गेली, सोबत एक पत्र्याची पेटी आणि दोन पायल्या बाजरी. साल १९९८, महिना नोव्हेंबर. शाळा जूनलाच सुरू झालेली, सहामाही पण उरकलेली. तरी फादरांनी रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं आणि बाजरी कोठीत ठेवायला सांगितली. फी विचारली नाही. आई वाट बघत उभीच राहिली, तिला वाटलं अजून काहीतरी मागतील.

ते फादर स्वित्झर्लंडचे, म्हातारे, पण मराठी असं नगरी की "येड्या, वेलांटी काय तुझा बाप देणार का" असं वर्गात म्हणायचे आणि सगळा वर्ग खिदळायचा. दर रविवारी आम्हा बोर्डिंगच्या पोरांना एकेक पोस्टकार्ड मिळायचं, आई-बापाला पत्र लिहा. पत्ता काय, तर कारखान्याचं नाव, गट नंबर आणि मुकादमाचं नाव. आई-बापाला वाचता येत नाही, मग लिहायचं कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, तिथं वाचून दाखवणारा कोणीतरी असतो, तू नीट लिही म्हणजे त्याला अडखळायला नको. माझ्या आईनं ती पोस्टकार्डं सुतळीला ओवून ठेवलीत, अजून घरी आहेत.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चौकशी आधी त्यांचीच लागणार, हे तुम्हालाही माहितीय.

आता हे येशूसंघाचे फादर, इंग्रजीत जेझुइट म्हणतात ते. लोकांना माहिती असतं ते मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज (१८६९ पासूनचं) नाहीतर पुण्याचं सेंट व्हिन्सेंट. कॉन्व्हेंट म्हटलं की टाय, बूट, इंग्रजी, आणि ऍडमिशनच्या सीझनला मोठ्या साहेबांच्या चिठ्ठ्या. पण हा संघ काढला इग्नेशियस लोयोलानं १५४० मध्ये, पहिली मोठी शाळा इटलीत मेसिनाला १५४८ मध्ये, आणि तेव्हा त्याचा नियम असा होता की शिकवायचे पैसे घ्यायचे नाहीत. शहरातल्या आजच्या फिया बघितल्या तर इग्नेशियस काय म्हणाला असता देव जाणे, आणि हे मी फादरांच्या तोंडावर बोललेलो आहे, ते हसले फक्त. नगर जिल्ह्यात मात्र तो नियम बराचसा टिकला. इथं आधी जर्मन फादर होते, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रू देशाचे म्हणून कैद केलं, परत पाठवलं, मग स्विस आले. पाणलोटाचं काम करणारे फादर बाखर त्यातलेच, त्यांचं नाव दुष्काळी भागात आजही निघतं. शाळा काढल्या त्या मराठी माध्यमाच्या, आणि पोरं घेतली ती दलितांची, शेतमजुरांची, नंतर आमच्यासारख्या ऊसतोडवाल्यांची. त्या पोरांसाठी कोणाची चिठ्ठी येत नव्हती.

तर मुद्दा. तुमच्या खात्याचा १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणारा, जीआर. सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला की शिक्षक मंजूर शून्य. आणि पट कुठला धरायचा, तर ३० सप्टेंबरचा, त्यातही ज्यांचं आधार व्हॅलिड आहे तेवढाच. मंत्रालयात बसून हे बरोबर वाटत असेल, बोगस पट दाखवून पगार लाटणारे आहेतच, मी नाही म्हणत नाही. २०२५ मध्ये नागपूरचा शालार्थ आयडीचा, म्हणजे पगाराच्या यादीत बोगस शिक्षक घुसवल्याचा, घोटाळा निघाला तेव्हा आम्हालाही संताप आला. पण साहेब, ट्रक येतो दिवाळीच्या आगेमागे. ज्या पोराची आजी मेली, ज्या पोरीला घरी एकटं ठेवायला आई घाबरते, ती पोरं माझ्यासारखीच नोव्हेंबरमध्ये पेटी घेऊन येतात. तोवर ३० सप्टेंबर होऊन गेलेला असतो.

मागच्या नोव्हेंबरात मी शाळेत गेलो होतो, सातवीच्या वर्गात बेंचवर पोरं मोजली, सव्वीस. ऑनलाइन पटावर सतरा. मधली नऊ गेली कुठं? तर पाच जणांचं नाव अजून गावच्या झेडपी शाळेत अडकलेलं. इकडून ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकलीय पण तिकडचे गुरुजी ऍप्रूव्ह करत नाहीत, आणि त्यांना तरी काय बोलणार, त्यांचाही पट विसाच्या आसपास लोंबकळतोय, पोरगं सोडलं तर त्यांचीच पोस्ट जाणार. म्हणजे गरीब पोरांवरून दोन गरीब शाळांची भांडणं लावून दिलीत तुम्ही. उरलेली चार आधारमध्ये अडकली. एका पोरीच्या आधारवर बापाचं नाव बाळू, दाखल्यावर बाळासाहेब. घरात त्याला बाळूच म्हणतात, दाखला लिहिणाऱ्यानं आदरानं बाळासाहेब लिहिलं असणार! मिसमॅच. आता दुरुस्तीला बाप पाहिजे, आणि बाप सांगलीकडं ऊस तोडतोय, एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. मुख्याध्यापक रात्री अकराला कॉम्प्युटरसमोर बसलेले, कारण दिवसा साइट चालत नाही, बाजूला सिस्टरनी आणून ठेवलेला चहा पार गार झालेला, आणि स्क्रीनवर परत लाल अक्षरात तेच. मला म्हणाले, "ही पोरगी सकाळी प्रार्थनेला पहिल्या रांगेत असते, मला दिसते, सरकारला दिसत नाही." मग आपणच म्हणाले, जाऊ दे, झोप आता.

त्यांच्याच शाळेतल्या एका सरांच्या मान्यतेची फाइल जिल्ह्याच्या ऑफिसात दोन वर्षं पडून आहे. त्रुटी काढतात, पूर्ण केली की नवीन त्रुटी. ते सर गणित शिकवतात आणि बिनपगारी आहेत, संध्याकाळी क्लास घेऊन घर चालवतात.

शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की वर्षात कधीही मूल आलं तरी प्रवेश नाकारायचा नाही, कलम १५. गंमत अशी की २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही, आणि बऱ्याच श्रीमंत शाळा त्या निकालाच्या आडून गरीब पोरांसाठी २५ टक्के जागा ठेवायच्या भानगडीतून सुटल्या, याबद्दल माझं मत वाईटच आहे. पण ही शाळा त्याच निकालाखाली येते आणि तरी नोव्हेंबरला आलेलं पोरगं परत पाठवत नाही. कायदा ज्यांना बांधील नाही ते पाळतायत, आणि ज्या खात्यानं तो पाळून घ्यायचा त्याचा कॅलेंडर सप्टेंबरला संपतो.

कोणी म्हणेल सरकारी वसतिगृहं आहेत की. आहेत, २०२१ ला संत भगवानबाबांच्या नावानं ८२ वसतिगृहांची योजना काढली, नाव ऐकून आम्ही भगवानगडाच्या पायथ्याची माणसं खूश झालो, शपथ. हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड पण आहे. हे सगळं चालू द्या, वाढवा. पण एका बाजूनं नवीन वसतिगृहं बांधायची आणि जिथं अख्खी पिढी जेवूनखावून शिकली त्या शाळेतला शिक्षक अतिरिक्त ठरवून उचलायचा, हा कुठला हिशोब. आणि २०२२ पासून केंद्रानं पहिली ते आठवीची अल्पसंख्याक स्कॉलरशिप पण बंद केलीय, तो घाव वेगळाच.

धर्मांतराचं विचारणारे असतातच, त्यांच्यासाठी सांगतो. पाच वर्षं राहिलो, आजही खंडोबाला भंडारा उधळतो. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, ख्रिस्ती पोरं जायची तेव्हा आम्ही अंगण झाडायचो आणि नंतर सगळ्यांना सारखाच गुळाचा शिरा. अनुदानित शाळेत जबरदस्तीनं धर्म शिकवता येत नाही हे घटनेच्या २८ व्या कलमात आहे, फादरांना ते पाठ होतं, आम्हाला नागरिकशास्त्रात त्यांनीच शिकवलं.

जूनमध्ये, २०२५ च्या, हिंदी पहिलीपासून हवी का नको यावर अख्खा महाराष्ट्र पेटला, दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले, बरं झालं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी पण स्टेटस ठेवलं होतं. पण मराठी शाळेत मराठी शिकवायला माणूस पाहिजे की नको? तो माणूस या जीआरनं जातोय, आणि यावर मोर्चा निघत नाही कारण ज्यांनी काढायचा ते फडात आहेत.

मागणी फार नाही. जिथं स्थलांतरित मजुरांची मुलं राहतात अशा शाळांचा पट डिसेंबरच्या मध्याला परत एकदा मोजा. आधार जुळत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वर्गात येऊन डोकी मोजावीत, सही करावी, खोटं निघालं तर खुशाल कारवाई करा. झेडपीच्या गुरुजींना पोरगं सोडलं म्हणून त्या वर्षी शिक्षा नको. आणि तोवर या शाळांमधला एकही शिक्षक अतिरिक्त म्हणून हलवू नका.

जमलं तर नोव्हेंबरमध्ये स्वतः या साहेब, सकाळी सातच्या आत, तेव्हा पेट्या घेऊन आया गेटवर उभ्या असतात. येताना कळवू मात्र नका. कळवलंत तर सिस्टर पोरींना रांगोळ्या काढायला बसवतील, स्वागतगीताची प्रॅक्टिस लावतील आणि गणिताचे दोन तास बुडतील, ते सर आधीच बिनपगारी आहेत.

आपला,
बोर्डिंगचा एक जुना पोरगा
(गाव पाथर्डी तालुक्यात, सध्या नोकरीनिमित्त पिंपरी-चिंचवड)